सहा वाजताची नोंद

आमच्या घराण्यात दोन गोष्टी वारशाने येतात: लांब नाक आणि सकाळी सहाची नोंद. नाकाबद्दल माझी तक्रार नाही.

तीन हजार सहाशे मीटर उंचीवरचं हे हवामान केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याचं न्हाणीघर आणि शंभर पावलांवर चार लाकडी पायांवर उभी असलेली पांढरी पेटी. पेटीच्या भिंती आडव्या पट्ट्यांच्या, म्हणजे वारा आत जातो आणि ऊन जात नाही. आत पुढच्या बाजूला पाऱ्याची नळी, आणि तिच्यामागे एक यंत्र. यंत्रात घड्याळाच्या चावीवर हळूहळू फिरणारा डबा, डब्यावर आठवड्याचा कागद, आणि कागदावर तापमानाची रेघ ओढणारं पेन. बाबांनी तेहेतीस वर्षं या पेटीचं दार सकाळी ठीक सहाला उघडलं. मग त्यांचे गुडघे गेले, ते डोंगराखाली माझ्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेले, आणि आता सतरा वर्षं मी उघडते आहे.

नोंदवहीचा कायदा एकच, आणि तो मला अक्षरं गिरवण्याआधी शिकवला गेला. जे पाहिलं ते लिहायचं. पाहिलं नसेल तर त्या रकान्यात आडवी रेघ मारायची. अंदाज लिहायचा नाही. "अंदाज म्हणजे चोराचा सख्खा भाऊ," असं बाबा म्हणायचे. तेहेतीस आणि सतरा, पन्नास वर्षं झाली, आणि वह्यांत एकही आडवी रेघ नाही. आसपासच्या सगळ्या डोंगरांवर माणसं काढून आपोआप चालणारी यंत्रं बसवली. आमच्याकडे अजून माणूस ठेवलाय तो या एका कारणासाठी. पुढच्या महिन्यात मुख्य कार्यालय दारावर पितळेची पाटी लावणार होतं: 'पन्नास वर्षे अखंड'. खाली बाबांचं नाव आणि त्याखाली माझं.

माझा जन्मही याच दोन खोल्यांतला. बाबांच्या नोकरीचं ते पाचवं वर्ष. दर वाढदिवसाला ते न चुकता सांगतात, "तू आलीस तेव्हा बाहेर उणे चार होतं." ऐकणाऱ्यांना गंमत वाटते. मला मात्र कळायला लागल्यापासून या वाक्याचा राग येतो. बायको आत बाळंत झालेली, पोर नुकतं जगात आलेलं, आणि हा गृहस्थ सहा वाजले म्हणून कोट चढवून पारा वाचायला बाहेर! आई होती तेव्हा मी तिला विचारायची, तू भांडली कशी नाहीस? ती म्हणायची, "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही गं," आणि शेगडीकडे वळायची.

आता रोज सव्वासहाला बाबांचा फोन येतो.

"किती?"

"उणे तीन पूर्णांक दोन."

"ढग?"

"नाहीत."

"बरं." खट्.

सतरा वर्षं बापलेकीचं एवढंच बोलणं. मीही काही वाढवायला गेले नाही. मी त्यांचीच मुलगी.

या डोंगरावर वर्ष असं नसतंच, नुसता दिवस असतो. बारा तास उजेड, बारा तास अंधार, कुठल्याही महिन्यात. दुपारी उन्हाने मान भाजते आणि पहाटे दाराबाहेरच्या बादलीतलं पाणी दोन बोटं गोठलेलं असतं. रोज उन्हाळा, रोज हिवाळा. इथे माणसाच्या उंचीची, केसाळ पानांची झाडं आहेत. ती दर संध्याकाळी बाहेरची पानं आत वळवून मधला कोवळा कोंब झाकून घेतात आणि सकाळी पुन्हा उघडतात. पंचेचाळीस वर्षं बघते आहे, तरी हातातलं काम टाकून उभी राहते. ज्याला इथे जगायचंय त्याला रोजच्या रोज हिवाळा काढावा लागतो, हे त्या झाडांना माझ्याआधी कळलंय.

आता माझी चूक सांगते. ती आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाकडून होणंच शक्य नाही.

रात्री तापमान सर्वांत खाली कुठवर गेलं ते धरून ठेवणारी एक वेगळी नळी असते. बाबांच्या पहिल्या वर्षांत ती नव्हती, तेव्हा सहाचा पाराच लिहायचे; आता बाबांचं 'किती?' म्हणजे हा रात्रीचा आकडा. आमची नळी दोन वर्षांपूर्वी फुटली. मी मागणी पाठवली. उत्तर आलं, 'विषय विचाराधीन आहे.' तो अजून विचाराधीनच आहे. तोवर रात्रीचा नीचांक पेनाच्या रेघेवरून घ्यायचा, असा हुकूम झाला. पण पेन जुनं, त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. म्हणून सकाळी सहाला पेन आणि पारा ताडून पाहायचे. फरक पडला तर पेनाचा स्क्रू फिरवून ते पाऱ्याशी जुळवायचं. नियमपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: सहाला, आणि दिवसातून एकदाच.

एका सकाळी पारा उणे एक दाखवत होता आणि पेन अधिक दोन. मी पेनाला एक शिवी दिली आणि स्क्रू फिरवून ते तीन अंश खाली आणलं. दुसऱ्या दिवशी फरक थोडा, अर्धा अंश. पुन्हा फिरवला. तिसऱ्या दिवशी उलट्या बाजूला. असं रोज थोडं इकडे, थोडं तिकडे चाललं होतं. आणि रात्रीची रेघ मात्र खोल खोल जायला लागली. उणे सहा. उणे सात. बाबांच्या काळातला सर्वांत थंड आकडा उणे पाच पूर्णांक दोन होता. मी तो मोडला, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मुख्य कार्यालयातून साहेबांचा फोन आला. म्हणाले, "पन्नासाव्या वर्षी पन्नास वर्षांतला नीचांक! बाई, मी स्वतः पाटी घेऊन येतो."

पहिल्यांदा स्क्रू फिरवल्यानंतरच्या एकोणिसाव्या सकाळी बाबांचा फोन.

"किती?"

"उणे सात पूर्णांक सहा."

"बादली?"

"कसली बादली?"

"दारातली. पाणी किती बोटं गोठलंय?"

मी पडदा सारून बघितलं. "दोन."

"म्हणजे रोजच्याइतकंच. मग उणे सात कुठनं आणलंस?" मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "पारा खोटं बोलत नाही. पेन बोलतं." खट्.

माझा असा संताप झाला की चहा गार होईपर्यंत मी कपाला हात लावला नाही. आणि संतापाचं खरं कारण हे की म्हातारा बरोबर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचलाच कंदील घेऊन पेटीपाशी गेले. उजाडायला अर्धा तास होता. गवत पांढरं, कडक, पायाखाली चुरचुरत होतं. सतरा वर्षांत यंत्र फक्त समोरून पाहिलेलं. त्या दिवशी ते फिरवून मागची बाजू पुढे आणली. यंत्राच्या पाठीला एक वाकडी धातूची पट्टी असते. ती थंडीउन्हाने आखडते-पसरते आणि पेन हलवते. त्या पट्टीभोवती एक गोळा होता. शेवाळ, वाळकं गवत आणि बरेचसे काळे केस. केस मी ओळखले. दर गुरुवारी सामान आणणाऱ्या खेचराच्या शेपटीचे होते. पेटीच्या मागच्या भिंतीची एक पट्टी निखळलेली होती. ती ठोकायची म्हणून मी दोन महिने हातोडी उशाशी घेऊन झोपत होते.

गोळ्यात बोट घातलं तर आत ती होती.

मुठीत मावेल एवढी. उंदरापेक्षा देखणी, खारीपेक्षा लहान, राखाडी दाट लव, नाक लांब (आमच्या घराण्यात खपून जाईल असं), आणि शेपूट स्वतःभोवती गुंडाळून त्यात तोंड खुपसलेलं. उचलली तर गार. नुसती गार नव्हे, बाहेरच्या दगडाइतकी गार. पाय कडक. मेली होती. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. घरटं काढून टाकलं की झालं, असं मनात आलं.

पण सवय वाईट. मेलेल्या गोष्टीचीही नोंद घ्यावीशी वाटते. मी तिला तळहातावर ठेवून कंदिलाजवळ धरली. आणि तिची कुशी हलली. एकदाच. मी मनात आकडे मोजायला लागले. अकरापर्यंत गेले तेव्हा पुन्हा हलली. पुन्हा अकरा. मग नऊ. मग सात. मग तिच्या अंगात एक बारीक थरथर सुरू झाली, इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नव्हती, फक्त हाताला कळत होती. माझे हात थंडीने बधिर झालेले. त्यांच्यात कुणाला द्यायला ऊब नव्हतीच. आणि त्या हाताला ऊब लागायला लागली. माझ्याकडून तिला नाही, तिच्याकडून मला. एवढ्याशा जिवाने आपल्याच आत कुठेतरी शेगडी पेटवली होती, आणि ती माझ्या तळव्यावर ढणढणत होती.

पाय सुटे झाले. मिशा हलल्या. डोळे उघडले, काळे, मोठे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग, मी कुणी पाहुणी असल्यासारखी, मला थांबवून ठेवून आधी तोंड धुतलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. वाऱ्यामुळे, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. घड्याळात पाहिलं तर सहाला दोन मिनिटं. मी तिला घाईने घरट्यात ठेवलं, यंत्र सरळ केलं, आणि समोरून बघत राहिले. पारा उणे दोनवर गप्प होता. पेन वर चढत होतं.

तेव्हा सगळं उलगडलं. ही बया रात्री थंडी वाढली की स्वतःला विझवून टाकते. अंगातली ऊब वाचवायची म्हणून ऊबच सोडून देते आणि बाहेरच्या हवेइतकी गार होऊन पडते. त्या वेळी पट्टीलाही ती असून नसल्यासारखी. रेघ खरी असते. मग उजाडायच्या आत ती स्वतःला पुन्हा पेटवते. नेमकी सहाच्या सुमाराला पट्टी तिच्या अंगाने तापते, आणि नेमकी सहाला मी, नियमपुस्तिकेवर हात ठेवून, चांगलं पेन बिघडवते. गेल्या एकोणीस रात्रींचे नीचांक साफ खोटे होते. किती अंशांनी, तेही सांगता येत नव्हतं, कारण स्क्रू मी रोज वेगळा फिरवलेला.

सव्वासहाला फोन वाजला.

"किती?"

ती गार असतानाच्या रेघेशी पारा ताडून पेन आता मी मूळ जागी आणलं होतं आणि रात्रीचा आकडा हिशेबाने काढता येत होता. "उणे चार पूर्णांक एक."

"हं. काय झालं होतं?"

"स्क्रू सैल झाला होता."

"मग मागचे एकोणीस दिवस?"

"बघते," मी म्हटलं, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा फोन मी ठेवला.

गुरुवारी खेचरवाले काका सामान घेऊन आले. त्यांना मी पेटीमागे नेऊन घरटं दाखवलं. ती बाहेर गेलेली होती. दिवसा ती दगडांतून किडे टिपत फिरते. काकांनी केस ओळखले आणि खेचराकडे वळून म्हणाले, "बघ, तुझी शेपूट सरकारी कामाला लागली." मग मला म्हणाले, "ताई, आमच्याकडे हिला रोजमेली म्हणतात. लहानपणी दगडाखाली सापडायची. आम्ही पोरं खड्डा करून पुरायचो, आणि सकाळी खड्डा रिकामा."

"तुम्हाला नवल नाही वाटलं कधी?"

"वाटायचं की. मग सवय झाली. रोज मरे त्याला कोण रडे?" ते हसले, आणि हसता हसता थांबून म्हणाले, "पण ताई, रोज उठायचं म्हणजे काय चेष्टा आहे होय? मला तर सोमवारीच जमत नाही."

मी घरटं काढलं नाही. स्क्रूला हात लावणं बंद केलं. आता रात्रीचा आकडा खरा येत होता, पहाटे रेघ वर उठायची तिकडे मी लक्ष देत नव्हते. म्हणजे नोंदीत धरत नव्हते. लक्ष तर सगळं तिकडेच होतं. आठवड्याचा कागद काढून मी टेबलावर पसरला. सात रात्री, सात खोल उतार, आणि प्रत्येक उताराच्या तळाशी, सूर्य यायच्या आधी, स्वतःच्या हिमतीवर वर चढलेली एक रेघ. बाहेर जग गोठलेलं असताना. मी जुने कागद काढून पाहिले. आमच्या पेनाने पन्नास वर्षं फक्त आकाश काय करतं ते लिहिलं होतं. पहिल्यांदाच त्याने एका जिवाने काय केलं ते लिहिलं होतं. मला देवळात गेल्यासारखं वाटत होतं, आणि मी देवळात जाणारी नाही.

एकोणीस खोटे आकडे मात्र वहीत तसेच होते. ते खोडून आडव्या रेघा मारल्या की 'अखंड' संपलं. पाटी संपली, बहुधा नोकरीही. त्याचंही मी सोसलं असतं. पण बाबांना काय सांगू? ज्या माणसाने मी जन्मले तेव्हाही नोंद सोडली नाही, त्याची तेहेतीस वर्षं मी एका सैल पट्टीपायी घालवली, हे कुठल्या तोंडाने सांगू?

साहेब खेचरावरून आले ते दुपारी. गोल, घामाघूम, विरळ हवेने डोकं धरलेलं. भला माणूस. पाटी त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरून आणली होती. माझं नाव पितळेत कोरलेलं मी बोट फिरवून पाहिलं. रात्री जेवताना सांगीन म्हटलं, सांगितलं नाही. सकाळी सांगीन म्हटलं.

सकाळी सहाला आम्ही दोघं पेटीपाशी गेलो. मी दार उघडलं. कागदावर रात्रीचा उतारच नव्हता. संध्याकाळी रेघ थोडी खाली आली होती, आणि मग तिथेच, आठ-नऊ अंशांवर, रात्रभर सरळ चालत राहिली होती. पारा उणे तीन. बादलीवर बर्फ. आणि पेन म्हणतंय, थंडी पडलीच नाही.

"हे काय?" साहेब म्हणाले.

मी यंत्र अलगद फिरवलं आणि शेवाळ बाजूला केलं.

ती जागी होती. डोळे उघडे, अंग फुगवलेलं, आणि पोटाखाली, वाटाण्याच्या शेंगेएवढी, उघडी, गुलाबी, पाच पिल्लं. मी बोट जवळ नेलं. ती हलली नाही. घरटं भट्टीसारखं तापलेलं होतं.

मी साहेबांना सगळं सांगितलं. तिचं रात्री विझणं, पहाटे पेटणं, माझा स्क्रू, एकोणीस रात्री. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की काल रात्री ती विझली नव्हती. तिला विझता आलंच नसतं. पिल्लांच्या अंगावर लव नाही, ती स्वतःला पेटवू शकत नाहीत. ती गार झाली असती तर पुन्हा उठली नसती. म्हणून ती रात्रभर जळत राहिली. जे एक कसब तिला या डोंगरावर जगवतं, ते तिने बाजूला ठेवलं होतं. उद्याही ठेवणार होती, परवाही, ही उघडी पोरं केसाळ होईपर्यंत.

साहेबांनी टोपी काढली. का काढली ते त्यांनाही कळलं नसावं. थोडा वेळ आम्ही दोघं त्या घरट्यात डोकावून उभे होतो, आणि एक सरकारी माणूस आणि एक सरकारी बाई एकमेकांना 'श्श' करत होतो.

मग ते खोलीत येऊन बसले, कपाळ चोळलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी काही पाहिलं नाही. ते घरटं आजच काढा. मागच्या एकोणीस आकड्यांत तीन-तीन अंश मिळवून टाका. काल रात्रीचा आकडा बादलीच्या बर्फावरून अंदाजाने लिहा. कोण विचारतंय? पन्नास वर्षांत एवढं चालतं."

"घरटं काढलं तर पिल्लं मरतील."

"एक उंदरीण, बाई. आणि दुसऱ्या पारड्यात तुमच्या वडिलांचं आयुष्य."

ते दुष्टपणाने बोलले नव्हते. तेवढ्यात सव्वासहा झाले आणि फोन वाजला.

"किती?"

"बाबा," मी म्हटलं, "आज आकडा नाही."

आणि मग मी थांबलेच नाही. पट्टी ठोकली नाही इथपासून पाच पिल्लांपर्यंत सगळं सांगितलं. साहेब समोर बसलेत, पाटीवर तुमचं नाव आहे, आणि मी वीस आडव्या रेघा मारणार आहे, पुढेही पिल्लं जाईपर्यंत मारणार आहे, तुम्हाला काय बोलायचं ते बोला. बोलता बोलता माझा आवाज चढला. पंचेचाळीस वर्षांचं साठलेलं होतं. "तुम्ही सोडून गेला असाल मला आत टाकून, पारा बघायला. माझ्याच्याने नाही होत."

"हात लावलास तिला, पहिल्यांदा?" बाबांनी विचारलं.

"हो."

"दगडासारखी गार?"

"हो."

"तूही तशीच होतीस." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "दोन महिने आधी आलीस. साडेचारला. तुझी आई बेशुद्ध पडली होती, सुईण येणार नऊला. तू निळी होतीस, रडत नव्हतीस. मी सदऱ्याच्या गुंड्या काढल्या आणि तुला छातीला लावून शेगडीपुढे बसलो. घड्याळ समोर भिंतीवर होतं. सहा वाजलेले मला दिसले. सव्वासहा वाजलेले दिसले. उठलो असतो तर तू गेली असतीस."

"मग ते उणे चार?"

"नऊला सुईणीने तुला घेतलं. मग बाहेर जाऊन बादली पाहिली. दोन बोटं बर्फ होता. अंदाजाने लिहिलं. चार वर्षांत एक रेघ नव्हती वहीत. लाज वाटली. आणि मग दर वर्षी सांगत राहिलो, म्हणजे खरं वाटेल. तुझ्या आईला माहीत होतं. तिला मीच गप्प बसवलं."

ज्या वाक्याचा मी जन्मभर राग केला, ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे मला कुणीतरी फार पूर्वी सांगायला हवं होतं.

"पाचव्या वर्षाची वही काढ," बाबा म्हणाले. "आणि लिही ते नीट लिही." थोड्या वेळाने म्हणाले, "पाच म्हणालीस ना? पाचही जिवंत आहेत?"

"पाचही."

"उद्याही सांग." खट् झालं नाही. त्यांनी फोन ठेवायला बराच वेळ घेतला.

कपाटातून मी ती वही काढली. पानं पिवळी पडलेली. बाबांचं अक्षर टपोरं, आणि आकडे सगळे दशांशापर्यंत: उणे तीन पूर्णांक सात, उणे दोन पूर्णांक नऊ. माझ्या जन्मतारखेसमोर तेवढं उणे चार पूर्णांक शून्य. इतका गुळगुळीत आकडा पंचेचाळीस वर्षं कुणाला खटकला नाही, मलाही नाही. मी लाल पेन घेतलं. साहेब बघत होते. उणे चार खोडलं आणि शेजारी आडवी रेघ मारली. शेरा असा रकाना असतो, तो कोराच होता. त्यात लिहिलं: 'निरीक्षक मुलीला ऊब देत होते.'

मग मी यंदाची वही उघडली आणि माझ्या वीस रेघा मारायला घेतल्या.